कावळ्यांच्या बाजूचा नंबर

सूर्य कोणाच्या बापाचा नाही. तो महालावर जेवढा तळपतो तेवढाच झोपडीवर तळपतो, आणि म्हणूनच त्याची ऊर्जा ही अखिल मानवजातीची सामाईक ठेव आहे. भाषणात एवढं बोलून झालं की मालक पाण्याचा एक घोट घेत आणि पुढच्याच वाक्यात परदेशी पॅनेलांवर घसघशीत कर लावायची मागणी करत. सोलर पॅनेल बनवणाऱ्या देशी कारखानदारांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. संघटनेत सभासद कमी आणि पदाधिकारी जास्त झाले होते, कारण अधूनमधून कुणाच्या तरी कारखान्याला कुलूप लागे, पण त्याला पद सोडवत नसे.

दुखणं साधं होतं. जगाला पॅनेलं हवी होती, यात वाद नाही. पण समुद्रापलीकडच्या एका देशाने जगाला लागतील त्याच्या दुप्पट बनवून ठेवली होती. आता थांबायचं कोणी, यावर तिथल्या कंपन्यांचं एकमत होत नव्हतं. प्रत्येकीला वाटे, शेजारीण आधी बुडेल, मग मी एकटी राज्य करीन. शेजारीण काही बुडत नव्हती आणि भाव मात्र बुडत चालले होते. मालकांना नुसती काच ज्या भावाला पडे त्या भावात तिकडून आख्खं पॅनेल येई, तेही कोपऱ्यांना फोम लावून. मालकांच्या घरामागे एका गृहस्थाने बागेला पॅनेलांचं कुंपण घातलं. मालकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फळ्या महाग झाल्यात हो." मालक त्या दिवशी जेवले नाहीत.

कारखान्यातली पॅनेलं जोडायची फिरती पट्टी बंद पडून महिने झाले होते. कामगार घरी बसून फोरमनला फोन करत आणि फोरमन मालकांच्या केबिनच्या दारात उभा राहून नुसता खाकरत असे. कर लागला तर पट्टी पुन्हा फिरणार, नाही लागला तर कुलूप. मधला रस्ता नव्हता.

अशा वेळी ताईच्या गच्चीवरची पॅनेलं पिवळी पडली.

ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. कारखान्यातून निघालेला पहिला माल मालकांनी वाजतगाजत तिच्या गच्चीवर चढवला होता, पंचवीस वर्षांच्या हमीसकट. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर कारखान्याचं लेबल होतं: मिशा असलेला हसरा सूर्य. तो ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी काढला होता. भाऊजी निवृत्त चित्रकला-शिक्षक. मिशा कशाला, असं विचारलं तर ते म्हणत, "त्याशिवाय सूर्याला वजन येत नाही." गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे, पण रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून ते वर बोट दाखवत: "मेहुण्याची आहेत. चित्र माझं आहे. ते मागच्या बाजूला आहे, इथून नाही दिसायचं."

पंचविसातली चार वर्षं झाली नाहीत तोच पॅनेलांची पाठ तडकली, काच हळदीसारखी झाली आणि वीज निम्म्यावर आली. मालकांकडे बदलून द्यायला माल नव्हता. पट्टी बंद. तेव्हा त्यांनी जे केलं, ते कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये, दार लावून केलं. समुद्रापलीकडची पॅनेलं आणली, पाठीवरची त्यांची लेबलं केस वाळवायच्या यंत्राने तापवून सोलून काढली आणि जागोजाग मिशीवाला सूर्य चिकटवला.

फोरमन लेबलावरून अंगठा फिरवत म्हणाला, "मालक, मागचं झालं. पण पुढचं?"

पुढचं म्हणजे नंबर. प्रत्येक पॅनेलला बनवणारा आपला नंबर काचेच्या आत घालतो. तो सोलता येत नाही, खरवडता येत नाही. काच फोडली तरच निघतो.

"तो आभाळाकडे असतो," मालक म्हणाले. "वाचणार कोण? कावळे?"

फोरमन हसला नाही. मालकच थोडंसं हसले आणि केस वाळवायचं यंत्र बायकोच्या कपाटात गुपचूप परत ठेवून आले.

ताईला त्यांनी 'नवं मॉडेल' म्हणून सांगितलं. ताई म्हणाली, "हमी म्हणजे हमी हो! आमच्या बाळचा शब्द म्हणजे शब्द." बाळ पंचावन्न वर्षांचा होता. त्याने मान खाली घालून चहा प्यायला.

यथावकाश करासाठी सरकारने एक आयोग नेमला. आयोग म्हणजे मुख्यतः एक बाई, ज्या कधी 'छान' तर कधी 'असं का' म्हणत आणि दोन्ही एकाच सुरात म्हणत, आणि त्यांचा चष्मेवाला मदतनीस अधिकारी. सुनावणीत मालक दीड तास बोलले. बाई म्हणाल्या, "छान. पण तुमचा माल टिकत नाही, असं आयातदार म्हणतात. तुमचं एखादं जुनं काम दाखवता येईल, अजून चालणारं?"

शहाण्या माणसाने इथे 'कळवतो' म्हणून सांगितलं असतं. पण मालकांच्या अंगात भाषण होतं. "माझ्या सख्ख्या बहिणीच्या गच्चीवर चला!" ते म्हणाले, आणि वाक्य तोंडातून सुटल्यावर त्याच्या मागे धावावंसं त्यांना वाटलं.

त्यांनी ताईला फोन केला. "उद्या आयोग येतोय. पॅनेलं बघायला."

"वर? गच्चीवर?"

"हो."

"बरं. मी बघते काय ते."

ती चहापाण्याचं म्हणतेय, असं मालकांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मनात सगळं बसवून ठेवलं होतं. बाईंना सरळ मागच्या बाजूला न्यायचं, वाकून सूर्य दाखवायचा, मिशांवर दोन विनोद करायचे आणि खाली उतरवायचं. जिन्यातून ते पुढे निघाले. मागे बाई, त्यांच्यामागे चष्मेवाला. गच्चीचं दार उघडलं आणि मालक उंबऱ्यातच थबकले.

पॅनेलं दिसतच नव्हती. सगळ्या पॅनेलांवर ओल्या चादरी पसरल्या होत्या. फुलाफुलांच्या, चौकड्यांच्या, एक तर उसवलेली. कडांना चिमटे आणि वर विटा. भिंतीवरच्या वीज मोजायच्या डबीत जेमतेम एक आकडा लुकलुकत होता. ताई बाजूला रिकामी बादली घेऊन उभी होती.

"असं का?" बाई म्हणाल्या.

मालकांची कानशिलं तापली. दीड तासाचं भाषण, मानवजातीची ठेव, देशाचं भवितव्य, आणि त्यावर उसवलेली चादर! "ताई, अगं हे काय? हे पॅनेल आहे, वाळत घालायची दोरी नाही!"

"ऊन चांगलं लागतं इथे," ताई म्हणाली. "राहू दे बाळ. ओल्या आहेत."

"आयोग आलाय ताई!"

"आयोगालाही घरी चादरी असतीलच की. खाली चहा ठेवलाय, चला." आणि तिने भावाकडे पाहिलं. लहानपणी त्याने काही फोडलं आणि दारात पाहुणे आले की ती याच नजरेने पाही आणि तुकड्यांवर फतकल मारून बसे. तेव्हा ती नजर त्याला लगेच कळायची. पण तेव्हा तो कसला अध्यक्ष नव्हता.

"मीच काढतो," मालक म्हणाले. त्यांनी वीट बाजूला केली, चिमटे उपटले आणि जादूगाराच्या थाटात पहिली चादर फर्रकन ओढली. मग दुसरी. काच उन्हात लखलखली. डबीतला आकडा टुणकन वर गेला. "बघा!" मालक म्हणाले. "हा आपला माल!"

चष्मेवाला उकिडवा बसला. काचेच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं आणि शाळेत धडा वाचावा तसा नंबर मोठ्याने वाचला, सुरुवातीच्या तीन अक्षरांसकट. ती तीन अक्षरं संघटनेच्या प्रत्येक निवेदनात होती. मालकांनीच घातली होती, ठळक करून.

"हा तर त्या बाहेरच्या कंपनीचा नंबर," चष्मेवाला म्हणाला. "काचेच्या आतला आहे."

तेवढ्यात खालून, अंगणातून, भाऊजींचा आवाज आला. "दिसली का हो? मेहुण्याची आहेत! मागे वाकून चित्र बघा, ते मी काढलंय!"

बाई खरंच वाकल्या. पॅनेलच्या पाठीवरचा सूर्य त्यांनी नीट पाहिला. "छान आहे," त्या म्हणाल्या. चहा न घेता दोघं गेली. भाऊजींनी फाटकापर्यंत सोबत केली आणि मिशांमागचा विचार समजावून सांगितला.

गच्चीवर मालक चादर हातात धरून उभेच होते. तोंड झाकायला ती पुरली असती. ताईने दुसरं टोक धरलं. दोघांनी ती ताणली, झटकली, दुमडली. दुमडायला जवळ यावं लागतं, तेव्हा मालकांनी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"काच कोण पुसतं? मीच ना. पहिल्याच खेपेला वाचलं. आधीच्यांवर तुझं नाव होतं, यांच्यावर नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील." ताईने घडी बादलीत ठेवली. "दुसरी धर. आणि ह्यांना नको सांगूस. त्यांना जिना चढवत नाही, तेच बरंय."

मालकांना काहीतरी म्हणायचं होतं. तो शब्द साधा होता, लहान मुलंही म्हणतात. पण जिभेला भाषणांची सवय लागलेली. एवढा छोटा शब्द तिच्याने उचलेना. त्यांनी दुसरी चादर धरली.

आपला कारखाना गेला, असं मालक त्या दिवसापासून धरून चालले. फोरमन खाकरला तरी ते वर बघेनात. आणि मग आयोगाचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: 'स्वदेशी उत्पादकांच्या अध्यक्षांच्या सख्ख्या भगिनींच्या गच्चीवरही परदेशी माल आढळून आला. यावरून संकट थेट घरात कसे शिरले आहे, याची कल्पना येते. सबब, कर लावणे अत्यावश्यक आहे.' सोबत फोटो होता. कोपऱ्यात बादली आणि ताईचा अर्धा हात.

संघटनेने सभा बोलावली. खजिनदाराने मालकांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बुवा! सख्ख्या बहिणीच्या गच्चीवर त्यांचा माल चढवून आयोगाला पुरावा दाखवलात. आम्हाला नसतं सुचलं!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ताई आणि भाऊजी पहिल्या रांगेत होते. भाऊजींना नीटसं काही कळलं नव्हतं, म्हणून त्यांच्या टाळ्या सर्वात मोठ्या होत्या. ताई मांडीवर हात ठेवून बसली होती आणि भावाकडे पाहत होती. 'तू सांगशील' अशा नजरेने.

मालक उठले. माइकपाशी गेले. पाण्याचा घोट घेतला. ताईकडे बघायचं टाळून त्यांनी मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं.

"सूर्य," ते म्हणाले, "कोणाच्या बापाचा नाही."

नव्या महिन्यापासून कर लागू झाला. समुद्रापलीकडच्या त्या कंपनीने त्याआधीच शेजारच्या देशात एक शेड भाड्याने घेऊन तिथून माल पाठवायला सुरुवात केली होती. शेजारच्या देशातून येणाऱ्या मालावर कर नव्हता.