किल्ल्यांचा जुडगा

कमलाबाईचा दरारा होता तो फक्त मोबाइलात. चामोर्शीतली पोरं मोबाइलवर एक मालिका काढत आणि तीत ती सुनेला उपाशी ठेवून तांदळाच्या कोठीला कुलूप घालणारी सासू व्हायची. आठवडी बाजारात बाया तिला तोंडावर बोल लावत. घरात मात्र तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नसे.

आज ती मुलाला, धम्मदीपला, घेऊन कुरखेड्याला मुलगी पाहायला आली होती. त्याचा त्या मुलीवर, खुशबूवर, जीव जडला होता. आपल्या पायी हे लग्न मोडू नये, एवढाच कमलाबाईला घोर. आणि सकाळचं शूटिंग आटोपून निघायच्या घाईत बाई नेमका कमरेचा जुडगा काढायला विसरली! चटईवर बसताना किल्ल्या खणखणल्या. खुशबूची आजी अन्नपूर्णाबाई तिला चहा देत होती. तिने कप तसाच मागे घेतला.

"हेच ते बाई. माही नात हिच्या घरी नाई द्याची."

कमलाबाई कशीबशी पुटपुटली, "ते ॲक्टिंग आहे जी."

"मंग करून दाखव."

आता माघार कुठली? कमलाबाई उठली, पदर खोचला आणि तिचा आवाज पार अंगणात गेला. "तांदूळ मोजून भेटन! मी जित्ती हाये तोवर किल्ली माह्याच कमरेले!"

धम्मदीपने कपाळावर हात मारला. तेवढ्यात पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या खुशबूने बशा खाली ठेवल्या, सरळ पुढे झाली आणि जुडगा ओढून घेतला. "कोठी उघडीच राहीन, बाई. दोघी संगंच जेवू."

मालिकेतली सून नुसती रडायची. कमलाबाई हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वीस भाग झाले, माह्या त्या सुनेनं एकदाबी असं नाई केलं. माह्या सासूपुढं मीबी नाई केलं."

अन्नपूर्णाबाईने जुडगा हातात घेतला. किल्ल्या झिजून गुळगुळीत झालेल्या. "ह्या कायच्या?"

"सासूच्या कोठीच्या. हे सारं तिच्यापासूनच शिकली मी."

"आन कुलूप?"

"ते सासू गेली त्याच आठवड्यात भंगारात देल्लं."

मागे घेतलेला कप म्हातारीने नातीकडे सरकवला. "थंडा झाला वं. दुसरा मांड. तुह्या सासूले साखर जास्त घाल."