तीनशे फुटांचा शब्द

जपान्यांच्या पाणसुरुंगांनी आमच्या पाणबुडीची पाठ चेपली गेली होती. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या गोदीत तिला नवा पत्रा जोडला तो क्लॅरी डन्स्टनने, माझ्या सख्ख्या मेव्हण्याने. मी अमेरिकन खलाशी. त्याच्या बहिणीशी, नोरीनशी लग्न करून त्या गावचा झालो होतो आणि क्लॅरीचा माझ्यावर फार जीव होता.

"तीनशे फूट जाईल ना रे?" कॅप्टन टीगने त्याला विचारलं. शत्रू डोक्यावर आला की आम्हाला तेवढी खोली लागायची.

"डोळे झाकून जा, साहेब."

दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्या बुडीला सोबत यायचं, अशी आमची रीत. पण सकाळी क्लॅरी धक्क्यावर आला तो गालावर हात ठेवूनच.

"दाढ ठणकतेय रे. तुम्ही या जाऊन."

"मेव्हण्या, घाबरलास की काय?" मी हसलो. तो हसला नाही.

रॉटनेस्ट बेटापलीकडे आम्ही बुडी मारली. खोलीचा काटा माझ्यासमोरच होता. दोनशेच्या पुढे पत्रा कण्हू लागला. तसा तो नेहमीच कण्हतो. अडीचशेला मागच्या इंजिनखोलीतून किंकाळी आली. जोड उकलला होता आणि पाण्याची धार सळईसारखी आत घुसली होती. त्या धारेने तिथे इंजिनावर असलेल्या हॉलिसचा दंड मोडला. कॅप्टनने टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलायला हवा सोडायला लावली. पाणबुडी आधी आणखी खाली गेली, मग कशीबशी वर आली.

गोदीतून मी तडक घरी गेलो. क्लॅरी आमच्याच स्वयंपाकघरात बसला होता. मला दारात पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"जोड उकलला," मी म्हणालो.

"घाई होती रे. वरून रोज तगादा. आत पोकळ राहिला होता, पण वाटलं, टिकेल."

"मग तू का नाही आलास?"

त्याने हात पुन्हा गालावर ठेवला.

"बोल ना! मला नुसती डोळ्याने खूण केली असतीस तरी कळलं असतं."

"नोकरी गेली असती माझी."

तेव्हा नोरीन चुलीपासून वळली. "तू सकाळपासून इथे का बसलायस?" तिने भावाला विचारलं. "मी तीनदा म्हटलं, दवाखान्यात जा. माझा हात सोडत नव्हतास. बातमी यायची वाट बघत होतास?"

तो रडायला लागला. नोरीनने त्याची टोपी उचलून बाहेर अंगणात फेकली.

मी कॅप्टनला सगळं सांगितलं. क्लॅरीला गोदीतून काढलं. दुसऱ्या माणसांनी तो जोड नव्याने केला आणि ते आमच्याबरोबर खाली आले. तीनशेला थेंबही आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र पुढच्या प्रत्येक बुडीत त्या पत्र्याला हात लावून बघायचो, ओला लागतो का. हॉलिसचा हात सरळ झालाच नाही.

युद्ध संपल्यावर क्लॅरीने भेटायला या असा दोनदा निरोप पाठवला. नोरीन म्हणाली, "तू जा हवं तर. मी येणार नाही."

मीही गेलो नाही.