भुताची सवलत

आमच्या घरात भूत आहे, म्हणून तर ते आम्हाला परवडतं. शाम शुई पोमधल्या या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आमच्या आधी मोकआजोबा नावाचे एक म्हातारे एकटे राहायचे. ते गेले हे बरेच दिवस कुणाला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा सगळ्या गल्लीला एकदम कळलं. असल्या घरात हाँगकाँगमध्ये कुणी पाऊल टाकत नाही, त्यामुळे भाडं धाडकन खाली येतं. घरमालकीण क्वोकबाई तर स्वतःच्याच घराचा उंबरा ओलांडत नाही. घर घेताना आईने तिला एवढंच विचारलं होतं, की खिडकी उघडते का.

उघडते. शिवाय संडासाला वेगळं दार आहे. आधी आम्ही पाच तुकडे केलेल्या एका घराच्या एका तुकड्यात राहायचो. तिथे कमोडचं झाकण लावून त्यावर मी भाजी चिरायचे आणि अभ्यास पलंगावर, गुडघे पोटाशी घेऊन. इथे मी हातवारे करू शकते. हातवारे करता आले नसते तर शाळेच्या वादविवाद संघात मी गेलेच नसते, हे माझं ठाम मत आहे.

आणि तेच आमच्या अंगाशी आलं. गेल्या आठवड्यात क्वोकबाई दारात उभी राहून म्हणाली की तीन वर्षांत तुम्हा दोघींना साधी शिंकसुद्धा आली नाही, पोरगी वीतभर उंच झाली, बक्षिसं आणायला लागली, म्हणजे भूत केव्हाच गेलं. तेव्हा पुढच्या महिन्यापासून पूर्ण भाडं. नाही जमत तर रविवारी ती दुसरी माणसं आणणार.

पूर्ण भाडं म्हणजे आईचा बेकरीतला जवळजवळ सगळा पगार. त्या दिवसापासून आई एका जागी बसेना. भांडी खोक्यात भरायची, रात्रीच्या जेवणाला पुन्हा काढायची. मलाही शाळेत चैन पडेना. गणिताच्या तासाला मी ठरवून टाकलं, की भूत गेलं असेल तर परत आणायचं.

रविवारी सकाळी मी दाराशी उदबत्त्या लावल्या. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचल्या, मेलेल्या माणसाला वाढतात तशा; एरवी आईने त्यासाठी हातावर फटका दिला असता. मोकआजोबांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता म्हणे, म्हणून शर्यतीचं पान उघडून ठेवलं. आईने सगळं पाहिलं आणि खिडकीत दुधाच्या चहाचा ग्लास ठेवला. अमावास्या-पौर्णिमेला ती तो ठेवतेच, आणि त्या दिवशी अमावास्या होती. माझ्या आजोबांसाठी असेल असं मी धरून चालले होते.

पहिलं जोडपं वाडगा पाहूनच जिना उतरलं. दुसरी एक बाई होती, पाठीला बाळ बांधलेली. तिला मी सगळं रंगवून सांगितलं, पहाटे ऐकू येणारा रेडिओ, आपोआप उलटणारी पानं. ती ऐकत ऐकत आत गेली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"भूत भाडं मागतं का गं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग चालेल."

दाराबाहेर क्वोकबाई हसली.

तेव्हा आई पुढे आली. "क्वोकबाई, हिने मांडलंय ते नाटक आहे. तो चहा मात्र नाटक नाही. आल्यापासून मी मोकआजोबांना देतेय. आम्ही निघालो तर त्यांना तसं सांगावं लागेल, न सांगता जाऊ नये. आणि ते विचारतील, आता चहा कुणाकडे."

"मग काय सांगणार तू?"

"खरं तेच. घर ज्यांचं, त्यांच्याकडे."

आईच्या आवाजात धमकी नव्हती. पत्ता सांगावा तसं ती बोलली. क्वोकबाईने उंबऱ्यापासून पाय मागे घेतला. बाळवाल्या बाईकडे पाहून विचारलं, अमावास्या-पौर्णिमेचा हा चहा तुला जमेल का, चुकवायचं नाही. बाई खरं बोलली. दोन पाळ्या करते, तारखासुद्धा लक्षात राहत नाहीत.

भाडं आहे तेच राहिलं.

मला उड्या मारायच्या होत्या, पण जिन्यावरून त्या बाळवाल्या बाईच्या चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला. मी मागे धावले. ती इमारतीच्या दाराशी बाळाचं टोपडं नीट करत होती. आता कुठे राहता म्हणून विचारलं. पलीकडच्या गल्लीत, म्हणाली, पाच तुकड्यांतला मधला, बिनखिडकीचा. मी तिचा फोन नंबर मागून घेतला.

पौर्णिमेला चहा मी ठेवला, साखर जास्त घालून. आणि मोकआजोबांना हळूच विचारलं, तुमच्यासारखं एकटं राहणारं, नुकतंच गेलेलं, या भागात कुणी ओळखीचं आहे का. त्यांचं घर खिडकीवालं असेल तर बरं, बाळासाठी.