कुलरसमोरची चाचणी

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात चिकलठाण्याच्या एका नव्या वसाहतीतली बोअर आटली आणि तिथल्या सुशिक्षित रहिवाशांनी नारळावर विश्वास ठेवायचे ठरवले. रहिवाशांत अभियंते होते, दंतवैद्य होत्या. वसाहत समितीचे अध्यक्ष दत्तोपंत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. वर्गणी एकाच नव्या बोअरपुरती जमली होती. ती कोरडी गेली, तर टँकरची वाट पाहणे एवढाच वसाहतीचा पुढचा कार्यक्रम उरणार होता. बोअरची जागा भूवैज्ञानिकाने ठरवावी, असे एकट्या स्वरदाला वाटत होते. ती महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. त्यामुळे या विषयातले तिचे मत एकांगी समजले जाई.

"जमिनीत पाणी असेल तिथे पानाड्या कडुबाच्या तळहातावर आडवा नारळ उभा राहतो. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय," दत्तोपंत सभेत म्हणाले.

"मग त्याला एकदा उघड्या डोळ्यांनी चालू द्या आणि एकदा डोळे बांधून. नारळ दोन्ही वेळा एकाच जागी उभा राहिला, तर मी गप्प बसेन. नाही राहिला, तर भूवैज्ञानिक बोलवायचा," स्वरदा म्हणाली.

"कबूल. पण चित्रण पाहिजे. डोळ्यांचं काय सांगावं, फसतात." पुरावा म्हणून मांडलेले डोळे त्यांनी असे सहज मागे घेतले. "आणि मोबाइलवरचं चालायचं नाही बरं का. त्यात लोक भुतंसुद्धा दाखवतात."

स्वरदाजवळ चांगला कॅमेरा होता. त्याची बॅटरी मात्र फुगली होती. पती मंदारला घेऊन ती पैठण गेटजवळच्या अभयच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. अभयने काचेवर दोन बॅटऱ्या ठेवल्या.

"ही ओरिजिनल, मॅडम. कॅमेऱ्याच्याच कंपनीची. होलोग्राम बघा. आन् ही दुसऱ्या कंपनीची, पर बसते बरोबर."

"फरक काय?"

"ओरिजिनल म्हंजे ओरिजिनल!"

"हे उत्तर नाही, हा जप झाला."

अभय हसला. "तुमच्यावानी रोज एक गिऱ्हाईक आलं ना मॅडम, तर दुकानाला कुलूप घालून गावाकडं जावं लागंल मला."

"घे ना ओरिजिनल," मंदार म्हणाला. "सगळे तीच घेतात."

"सगळे नारळही घेतात."

दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीवर क्षमतेचा आकडा मोठा छापला होता. स्वरदाचा त्या आकड्यावर विश्वास नव्हता, होलोग्रामवर तर त्याहून नव्हता. तिचा विश्वास मोजमापावर होता. तिने ती बॅटरी घेतली. घरी खोलीत कुलर लावून तिने कॅमेरा भिंतीसमोर ठेवला आणि बॅटरी संपेपर्यंत भिंतीचे चित्रण केले. बॅटरी गरजेच्या कितीतरी पट टिकली. हा निकाल मंदारला ऐकवताना तिच्या स्वरात जो विजय होता, तो एकाच प्रयोगाच्या मानाने जास्त होता.

ठरल्या दिवशी कॅमेरा मैदानाच्या कडेला ट्रायपॉडवर उभा राहिला. कडुबाने पहिली फेरी उघड्या डोळ्यांनी केली. नारळ दत्तोपंतांच्या इमारतीच्या कोपऱ्याशी उभा राहिला. पाणी बहुधा अध्यक्षपद ओळखत असावे. मग कडुबाच्या डोळ्यांना कोणता रुमाल बांधावा यावर चर्चा झाली, चहा झाला, आणि तेवढा सगळा वेळ काळा कॅमेरा उन्हात तापत राहिला. चित्रण पुन्हा सुरू करताना बॅटरी भरलेली दिसत होती.

डोळे बांधलेला कडुबा चाचपडत वाहनतळाकडे वळला. नारळ तिथे, मैदानाच्या थेट दुसऱ्या टोकाला, उभा राहिला.

"इथं हाय! लई हाय पाणी!"

सगळ्यांनी पाहिले. स्वरदाने कॅमेऱ्याकडे पाहिले. पडदा काळा होता. या फेरीचे काहीही साठवले गेले नव्हते.

"चित्रण आहे?" दत्तोपंतांनी विचारले.

"पहिल्या फेरीचं आहे. पण काका, तुम्ही सगळे इथंच उभे होतात!"

"ठरलं होतं चित्रणाचं."

स्वरदा दंतवैद्य सरिताताईंकडे वळली. "तुम्ही तर त्याच्या शेजारी होता."

"होते ना," सरिताताई म्हणाल्या. "पण एवढ्या उन्हात... नक्की कसं सांगणार?"

"यंत्र बंद पडलं ताई, म्हंजे त्या जागंला काही तरी हाय," रुमाल सोडत कडुबा म्हणाला. समितीने माना डोलावल्या. चित्रणात जी जागा होती, तीच मंजूर झाली.

संध्याकाळी घरात कॅमेरा निमूट सुरू झाला. बॅटरी संपलेली नव्हती; ती तापल्यामुळे तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने वीज तोडली होती. त्या दिवशी मैदानावर नियमाने वागलेली ती एकटीच. मंदार ओरिजिनल घेऊन आला. दुसऱ्या दिवशी स्वरदाने त्याच जागी, त्याच उन्हात दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने चालवल्या. दुसऱ्या कंपनीची पुन्हा बंद पडली. ओरिजिनल चालत राहिली.

"मी म्हणत होतो," मंदार म्हणाला.

"तू म्हणत होतास. कारण सांगत नव्हतास."

पण कारण तिनेही तपासले नव्हते. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या कुलरसमोर तिने बॅटरी पारखली होती आणि मे महिन्याच्या उन्हात उभी केली होती. विद्यार्थ्याने असा प्रयोग आणला असता, तर तिने तो परत पाठवला असता.

दत्तोपंतांच्या कोपऱ्याशी बोअर मारली गेली. यंत्राने दिवसभर पांढरी भुकटी उडवली. ओलसर खडाही वर आला नाही. भुकटीने माखलेल्या गाड्यांच्या मधोमध सभा भरली.

"डुप्लिकेट बॅटरीनं विघ्न आणलं," दत्तोपंत म्हणाले.

"ती डुप्लिकेट नव्हती, दुसऱ्या कंपनीची होती. आणि बॅटरीचा जमिनीतल्या पाण्याशी काय संबंध?" स्वरदाने विचारले.

"बॅटरीचं मला काय कळत नाय, साहेब," कडुबा म्हणाला. "पर नारळ हिथल्याच दुकानातला व्हता. कोकणातला असता तर गोष्ट येगळी."

दत्तोपंतांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? हे आधी का नाही सांगितलंस रे?"

फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. सभा तशीच टाकून अभियंते, दंतवैद्य आणि समिती बादल्या घेऊन धावली. रांगेत दत्तोपंत मागे वळून स्वरदाशी सलोख्याने बोलले.

"वर्गणी पुन्हा जमवू हो. नारळ मी रत्नागिरीहून मागवतो. तुमची ती ओरिजिनल बॅटरी तेवढी जपून ठेवा."