सुटा धागा ओढू नये

केस चिमटीत होता. एकच. टोकाला काळपट, बुडाशी पिवळसर, तारेसारखा ताठ... रफूगराने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला खरा, पण डोळ्यांना काही धड दिसेना; मग त्याने तो नुसताच अंगठ्याने तर्जनीवर फिरवला आणि बोटांना सगळं कळलं. मेलेला होता. ओढला तेव्हा मांडीवरच्या भिंगरीने कानही हलवला नव्हता. चुकून जिवंत केस ओढला गेला असता, तर या बाईसाहेबांनी भुंकून घर डोक्यावर घेतलं असतं.

भिंगरी म्हणजे सुनेची कुत्री, टेरियर जातीची. गुडघ्याएवढीसुद्धा नाही, पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान. झाडूशी तिचं जुनं वैर, पोस्टमनवर संशय, आणि तासभर फिरवून आणलं तर माणूस दमून खुर्चीत पडायचा आणि ही खुर्चीभोवती फेऱ्या घालत, मग पुढचा कार्यक्रम काय, असं तोंड करून बघायची. अशी ही बया रफूगराच्या मांडीवर मात्र अर्धा-अर्धा तास पडून राहायची, यावर सुनेचा अजून विश्वास बसत नव्हता.

त्याचाही कुठे बसत होता? दुकान बंद करून सात महिने झाले होते. का बंद केलं, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, चाळीस वर्षं झाली, कंटाळा आला, पुरे आता — आणि सगळ्यांना ते पटायचं. खरं काय ते एका कोटाला ठाऊक होतं. गडद निळा कोट, कोपराला फाटलेला. त्याने तो काळ्या धाग्याने रफू केला होता, इतकं मन लावून, इतकं सुबक... गिऱ्हाइकाने कोट दारातल्या उन्हात धरला, क्षणभर पाहिला, आणि काही न बोलता घडी घालून नेला. बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्याही चालल्या असत्या. त्याच आठवड्यात रफूगराने दुकानाला कुलूप लावलं.

मग घरी बसणं आलं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, खुर्च्यांचे स्क्रू पिळले, मुलाच्या शर्टांची बटणं ओढून ओढून पाहिली — दोन तुटली. सून नुसती डबे परत आपल्या जागी ठेवायची. एके दिवशी त्याच्या हाताला भिंगरीच्या पाठीवर केसांचे झुबके सुटलेले लागले, आणि त्याने बारकी कात्री काढली. त्याच्या वस्तादाचा पहिला धडाच तो होता: सुटा धागा ओढू नये, कापावा, ओढलास की कापड उसवलं. त्याने कुत्री अशी नीट कातरली की जणू लग्नाचा सूट. पंधरा दिवसांत तिचा केस मऊ पडला, रंग विटला, आणि ती उशीतल्या कापसासारखी दिसायला लागली.

कुत्र्यांचं पार्लर चालवणाऱ्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. हिला कात्री कोणी लावली, म्हणाल्या. तो म्हणाला, मी. मग बाईंनी त्याला शाळेतल्या पोरासारखं समजावलं: या जातीचा केस कापला की मेलेलं मूळ आत तसंच राहतं आणि नव्याला जागा मिळत नाही, तो चिमटीने ओढायचा, पिकलेला असेल तर दुखत नाही, आपणहून येतो. चाळीस वर्षांचा धडा एका वाक्यात उलटा! त्याला राग आला, तसाच तो हात पाठीमागे बांधून तासभर उभा राहिला, बघत. तिसऱ्या खेपेला भिंगरीची डावी बाजू बाई काढत होत्या आणि उजवी तो. डोळे मिटून.

बाई आणखी एक बोलल्या होत्या. घुशी-उंदीर धरण्यासाठी ही जात जन्माला घातलीय, काका. तुमच्या घरात घुशी नाहीत, मग ती कुंड्या उकरणारच. रागावून काय होणार, तिला काम द्या, टॉवेलच्या गुंडाळीत बिस्किटं लपवा, हुडकू द्या. रफूगराला का कोण जाणे एकदम डबे आठवले, आणि तो खाली बघत केस वेचत राहिला.

आणि आज सकाळी त्यांचा फोन. सोमवारी दहाला एक म्हातारा टेरियर येतोय, चावरा, तिघांनी हात टेकले. मालक म्हणतो, नाहीतर केस कापायचं मशीन फिरवा. तुम्ही याल का काका, नुसतं बघायला नाही, कामाला... संध्याकाळपर्यंत सांगा.

दिवसभर तो स्वतःशी भांडला. माझ्या हातचं रफू उलटं करून पाहिलं तरी सापडायचं नाही, तो मी कुत्र्यांचे केस उपटू? मुलगा म्हणेल, बाबा, इथे तुम्हाला काय कमी आहे? काहीच कमी नाही रे, तेच तर... पण हे सगळे बहाणे होते, आणि बहाणे ओळखण्याइतका तो शहाणा होता. चावरा कुत्रा ओठ वर करतो तो क्षण दिसावा लागतो. बाईंना डोळ्यांचं सांगावं लागेल. सांगितलं नाही, तर हा दुसरा निळा कोट.

सून कामावरून आली, भिंगरीने तिच्याभोवती नाच केला, तो संपेपर्यंत रफूगर थांबला. मग म्हणाला, "मला काळा आणि निळा वेगळा दिसत नाही."

सुनेने पर्स खाली ठेवली. "माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"मोजे. रोज एक काळा, एक निळा घालून फिरायचात. मग मी तुमचे निळे सगळे काढूनच टाकले."

त्याने पायांकडे पाहिलं. दोन्ही काळे असावेत. सात महिने ज्याला तो कुलूप लावून बसला होता, ते हिने कपाटाचा एक खण आवरताना निकालात काढलं होतं, आणि वर एक अक्षर बोलली नव्हती. त्याला लाज वाटायला हवी होती, हसू आलं. सूनही हसली, आणि आपल्यावाचून हसणं चाललंय हे न खपून भिंगरी दोघांवर भुंकली.

मग त्याने सोमवारचं सांगितलं. सून म्हणाली, "चावला तर?" तो म्हणाला, बघू. फोन टेबलावरच होता, संध्याकाळ अजून संपली नव्हती, आणि आपल्याला काय वाटतंय ते ओळखायला त्याला वेळ लागला, इतक्या दिवसांत भेट नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी वस्तादाने पहिलं कापड हातात दिलं तेव्हा असंच झालं होतं. सात महिने सोमवार आला काय, गुरुवार गेला काय, त्याला सगळे वार सारखेच होते. आणि आता त्याला सोमवारची भीती वाटत होती, चांगली घसघशीत भीती, आणि ती कमी व्हावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.