पूजेचा खल

दिवाकरच्या कामात काही घडलं नाही म्हणजे काम फत्ते! १९३४ सालच्या जबलपुरात, ओमतीजवळच्या एका काडेपेटी कारखान्यात तो पोटॅश तपासायचा, म्हणजे काड्यांच्या गुलात पडणारा पांढरा क्षार. गोणीतली चिमूट खलात हलकेच घोटायची, काचेच्या नळीत घालायची, नळी तापत्या वाळूत खुपसायची आणि थर्मामीटरकडे डोळे लावून बसायचं. अडीचशे अंशांपर्यंत गप्प राहिला तर माल चोख. आपोआप पेटला तर भेसळ. एवढ्या बसण्यावर त्याच्या कायम नेमणुकीचा कागद मॅनेजर बापूसाहेबांच्या टेबलावर सहीपर्यंत पोचला होता.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नळी एकशे ऐंशीला भस्सकन पेटली. बापूसाहेब धावत आले आणि उभ्याउभ्याच निकाल देऊन मोकळे झाले: गोदामवाल्या पुंडलिकनं गंधकाचं माप पोटॅशच्या गोणीत बुडवलं.

"मी काहून असं करीन, साहेब?" पुंडलिक काकुळतीला आला.

"घरी जा. उद्यापासून येऊ नको."

तो फाटकाबाहेर पडला आणि दिवाकरची नजर खलाकडे गेली. काल हत्यारपूजेत त्यानंच खलाला हळदकुंकू लावून आत खडीसाखरेचा नैवेद्य ठेवला होता. पूजलेली वस्तू लगेच कशी धुवायची, म्हणून आज नुसतं फडकं फिरवलं. तळाशी साखर चिकटून होती, आणि साखर न् पोटॅश एकत्र तापले की भडकणारच! सांगावं तर सही गेली, न सांगावं तर पुंडलिक गेला. दिवाकर स्टुलावर बसून राहिला. भेकडच होता, दुसरं काय.

तासाभरानं कुठे त्याला धीर आला. त्यानं खल धुतला, सुकवला, त्याच गोणीतली चिमूट घेतली आणि बापूसाहेबांना बोलावलं. अडीचशे झाले तरी नळी ढिम्म.

"मग चूक कोणाची?"

"माझी, साहेब. पूजेचा खल मी धुतलाच नव्हता."

बापूसाहेबांनी नेमणुकीचा कागद खणात टाकला. "वर्षभरानं बघू. आणि पुंडलिकला परत आण. तूच जा."

दिवाकर जवळजवळ पळतच घमापुरात पुंडलिकच्या घरी पोचला. पुंडलिक उंबऱ्यावर बसला होता, आत त्याची बायको सत्यभामा. दिवाकरनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तुम्हाले समजलं केव्हा?" पुंडलिकनं विचारलं.

आत्ताच, असं म्हणायला काय जात होतं? "तुम्ही फाटकाबाहेर पडले, तेव्हाच," दिवाकर म्हणाला.

बोलली ती सत्यभामा. "अच्छा! म्हणजे तासभर मी उगीच रडून राहिली होती." तिनं दिवाकरपुढे पाट आदळला. "बसा, भैया. आता तुम्ही तासभर बसा. उठाचं नाही."

दिवाकर निमूट बसला. सत्यभामा चुलीवर त्याच्यासाठी चहा ठेवत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. त्याला मान वर करवेना.