आठ सिलिंडरांचं खानदान

पंच्याहत्तर साली कुंभार पिंपळगावच्या सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला तातेरावबुवा येणार, हे ठरलं आणि आमच्या जालन्यातल्या मस्तगडाच्या भजनी मंडळाला दुसरं काही सुचेना. बुवांचं कीर्तन ज्यानं ऐकलं त्याचे पुढचे आठ दिवस बरे जातात, असा माझा अनुभव आहे. बुवा गेवराईकडून ट्रकनं शहागडपर्यंत येणार होते. तिथून त्यांना आणायचं काम मंडळातल्या अप्पारावांनी अंगावर घेतलं, कारण गाडी अप्पारावांकडेच होती.

ही गाडी एका जहागीरदाराची. निजामाचं राज्य गेलं आणि जहागीरदार हैदराबादला गेले, तेव्हा अप्पारावांच्या सासऱ्यांनी ती घेतली. गाडीबरोबर पाशामियाँही आले. ते त्या जहागीरदाराच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. कागदावर त्यांचा उल्लेख नव्हता, पण गाडी जिथं जाईल तिथं ते जाणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

कंपनीचं नाव पाशामियाँ घेत नसत. ते नुसतं “खानदान” म्हणत. जहागीरदाराकडे त्याच खानदानाच्या एकामागून एक तीन गाड्या झाल्या, आणि तिन्हींची इंजिनं पाशामियाँच्या हातून उघडली गेली. पहिल्यात बेअरिंग म्हणजे नुसता ओतलेला धातू. जरा जोरात पळवलं की वितळायचा. तेलाला पंप नाही, आतले चमचे ते उडवायचे. दुसऱ्यात तेलाला पंप आला, पण डोकं गरम. चढावर उकळायचं. तिसऱ्यात, म्हणजे अप्पारावांच्या गाडीत, बेअरिंगच्या जागी पातळ वाट्या आल्या, पाणी नीट फिरायला लागलं आणि इंजिन शहाणं झालं. आठही सिलिंडर एका ओळीत, म्हणून बॉनेट एवढं लांब की ड्रायव्हरला समोरचं म्हसोबाचं ठाणं दिसायच्या आधी गाडीचं नाक तिथं पोचलेलं असे. ही वंशावळ पाशामियाँ सांगायला लागले की मला कीर्तनातला पूर्वरंग आठवायचा. शेवटी ते ठरलेलं वाक्य म्हणत, “इस खानदान का इंजन आदमीला रस्त्यात सोडत न्हाई.”

अलीकडे मात्र ते सोडायला लागलं होतं. मोंढ्याच्या बाजारात दोनदा, स्टेशनवर एकदा. पेट्रोल तर असं महाग झालं होतं की अप्पारावांच्या घरी केशरबाई नवऱ्याला विचारत, गाडी पेट्रोल पिते का तुम्ही. अप्पारावांनी भंगारवाल्या गयासोद्दीनशी बोलणं पक्कं केलं. पाशामियाँ तीन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून मदिनाभाभींनी कळवलं. मग अप्पारावांनी एक सवलत दिली. बुवांना घेऊन गाडी कुंभार पिंपळगावला आपल्या पायांनी पोचली, तर राहील. रस्त्यात कुणाच्या साखळीनं ओढावी लागली, तर तिथूनच भंगारात जाईल.

गयासोद्दीन व्यवहाराला चोख माणूस. पुन्हा खेप नको म्हणून तो पहाटे आपला ट्रक घेऊन हजर झाला आणि आमच्या मागं मागं येऊ लागला. घाई नाही, हॉर्न नाही. आम्ही अंबडला चहाला थांबलो, तर तोही थांबला. त्यानंच सगळ्यांचा चहा सांगितला.

गाडीत पाशामियाँ चालवायला, शेजारी अप्पाराव, मागं मी टाळ घेऊन आणि आमचा पखवाजी कडूबा मांडीवर पखवाज घेऊन. शहागडला आठाला पोचलो. बुवा हॉटेलासमोर बाकावर बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर वीणा, पायात धूळ. गाडी बघून म्हणाले, “एवढी मोठी कशाला आणली, मी एकटाच आलोय.”

बुवांची न्याहारी होऊन नऊला निघालो. कीर्तन अकराला उभं राहायचं होतं. साडेनऊच्या सुमारास, अर्धी वाट झाल्यावर, गाडी खोकली, धापा टाकायला लागली आणि एका बाभळीजवळ उभी राहिली. पाशामियाँनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, कार्बोरेटरमधून शिंकलं, बंद. असं करता करता बॅटरीही बसली.

मागं ट्रक थांबला. गयासोद्दीन उतरला, सलाम करून बाजूला उभा राहिला.

अप्पारावांनी बुवांना ट्रकमध्ये बसायची विनंती केली. बुवांनी ट्रककडे पाहिलं, मग पाशामियाँकडे.

“मियाँ, चालेल का ही?”

पंचवीस वर्षांत या प्रश्नाला पाशामियाँनी उत्तराशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी ते रुमालानं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

“मंग मी थांबतो,” बुवा म्हणाले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

पाशामियाँचा अंदाज होता की एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. ते दार लागत नाही, म्हणून त्या सिलिंडरात हवा दाबली जात नाही, आणि सगळा पेट्रोल-हवेचा माल उलटा कार्बोरेटरमधून बाहेर. पण आठांतला कोणता? प्लग जुने, गंजून डोक्यात बसलेले. सगळे उगाच पिळले आणि एक तुटला, तर गाडी तिथंच संपली. मग त्यांनी फक्त पहिल्याचा प्लग जपून काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि कडूबाला पुढून हँडल मारायला लावलं, अगदी सावकाश. पहिल्याची पाळी आली की हवा अंगठा ढकलेल. तिथून पुढं हँडल हाताला जड लागतं की हलकं, ते कडूबानं सांगायचं.

कडूबाला हे काम शिकवावं लागलं नाही. अंगठा उडाला की पाशामियाँ “हां” म्हणत, ती त्यानं सम धरली. हँडलच्या दोन फेऱ्यांत आठ मात्रा. त्यानं तीन आवर्तनं फिरवली आणि ठामपणे सांगितलं, “पाचवी पोकळ हाये. आपल्या ठेक्यात बी बिनथापेची खाली पाचवीलाच पडते.”

पाशामियाँ रॉकेल मागायला ट्रककडे गेले. तेवढ्यात अप्पारावांनी पाना उचलला, ओळीत पाचवा प्लग मोजला आणि काढला. सुदैवानं तुटला नाही. आम्ही भोकात डोकावलो, कडूबानं हँडल फिरवलं. आतली दोन्ही दारं एखाद्या शहाण्या सुनेसारखी वेळेवर उघडत होती, वेळेवर मिटत होती.

“कडूबा,” अप्पाराव म्हणाले, “तू इंजिन ऐकून राह्यला का तुझा पखवाज?”

कडूबाचा चेहरा उतरला. त्याची मात्रा चुकली असं आजवर बुवांनीसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यानं पुन्हा हँडल धरलं, पण अप्पारावांनी त्याला थांबवलं. घड्याळ पाहिलं. गयासोद्दीनला साखळी आणायला सांगितली. त्यानं साखळी आणली आणि गाडीच्या पुढच्या बंपरला नीट, न ओरखडता, अडकवली.

पाशामियाँ रॉकेलचा डबा घेऊन आले. साखळीकडे पाहिलंच नाही.

“पाचवा कुणी उघडला?”

“कडूबानंच सांगितलं, पाचवी पोकळ,” अप्पाराव म्हणाले.

पाशामियाँनी डबा खाली ठेवला. मग विचारलं, “कडूबा, पाचवा म्हणजे ओळीतला, का पाळीतला?”

“पाळीतला, चाचा. तुमच्या हां पासून पाचवा.”

आता सांगायला हरकत नाही, आम्ही तिघं भजनी माणसं. पंगत बसली की वाढणं एका टोकापासून ओळीनं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. पाशामियाँनी सांगितलं की या पंगतीत तसं वाढत नाहीत. सगळे धक्के एका बाजूनं ओळीनं बसले तर आतला लांब दांडा मुरडून जाईल. म्हणून आधी पहिला, मग सहावा, मग दुसरा, मग पाचवा, आणि पाचव्या पाळीला आठवा.

“खानदाननं सब बदललं, अप्पासाब. बेअरिंग बदलली, तेल बदललं, पानी बदललं. वाढायची पाळी तीन पिढ्यांत बदलली न्हाई.”

आठवा म्हणजे सगळ्यात मागचा, जिथं पाणी शेवटी पोचतं. त्याचा प्लग निघायला वेळ लागला. आत एक दार उघडंच अडकलेलं होतं. पाशामियाँनी वरून रॉकेल सोडलं. दाराला खाली दाबायला जाड तार हवी होती. ती गयासोद्दीननं आपल्या भंगारातून शोधून दिली, वाकवूनही दिली. दार दोनदा कुरकुरलं आणि तिसऱ्यांदा आपणहून मिटलं. तिन्ही प्लग बसवले. कडूबानं हँडल मारलं. पहिल्याच झटक्याला आठही जण बोलायला लागले, इतके एकसारखे की बाभळीखाली बुवांनी नकळत मांडीवर ठेका धरला.

आता प्रश्न साखळीचा. अप्पाराव म्हणाले, “साखळी तर लागली होती.”

गयासोद्दीननं ती सोडून खांद्यावर टाकली होती. तो म्हणाला, “लागली, साब. ओढली न्हाई. ट्रक तर बंदच होता.”

या साक्षीनं त्याची एक अख्खी गाडी गेली, हे त्यालाही कळत होतं आणि अप्पारावांनाही. अप्पाराव आपला दरवाजा उघडून आत बसले.

अकराला पाच कमी असताना आम्ही मांडवात होतो. काल्याचं कीर्तन बुवांनी असं रंगवलं की दहीहंडी फुटली तेव्हा कोण रडतंय आणि कोण हसतंय ते कळेना. पाशामियाँ मांडवाच्या कडेला खांबाला टेकून बसले होते. कडूबा दर आवर्तनाला पाचव्या मात्रेवर त्यांच्याकडे बघायचा आणि ते मान हलवायचे. ठेक्यात ती खाली असते, तिथं थाप नसते. कडूबानं त्या दिवशी तिथंही हलकीशी थाप ठेवली. बुवांच्या लक्षात आलं असणार.

प्रसादानंतर अप्पारावांनी गयासोद्दीनला रिकामं जाऊ दिलं नाही. सप्त्याची मोठी पातेली जालन्याला परत न्यायची होती, ती त्याच्या ट्रकमध्ये चढवली. वर एक पाटी बुंदी.

बुवांना संध्याकाळी शहागडला सोडायचं होतं. गाडीत बसता बसता त्यांनी पुन्हा विचारलं, “मियाँ, चालेल का?”

“चालेल, महाराज,” पाशामियाँ म्हणाले.

मग खाली उतरले, ट्रकपाशी गेले, आणि गयासोद्दीनकडून रॉकेलचा डबा आणि ती वाकवलेली तार मागून आणून सीटखाली ठेवली.